अपघातानंतर भाड्याची गाडी: पैसे कुणी भरायचे?

मागच्या डिसेंबरातला मंगळवार. सकाळी सव्वासहाला बाबांना डायलिसिसला घेऊन निघाले होते. इंदूरच्या राजेंद्र नगरातून बाहेर पडून एबी रोडला लागलो, राजीव गांधी चौराह्याच्या सिग्नलला थांबलो आणि मागून कांदे भरलेली एक पिकअप आमच्या गाडीवर येऊन आदळली. डिक्कीचं दार आत गेलं, बंपर लोंबायला लागला, उजवीकडचा मागचा दिवा फुटला. पिकअपमधली दोन पोती फाटली आणि कांदे गडगडत पार दुभाजकापर्यंत गेले. बाबांना लागलं नव्हतं. काचेतून बाहेर बघत ते एवढंच म्हणाले, "अगं, त्या पोराचे कांदे गोळा करून दे आधी."

गाडी बावीस दिवस वर्कशॉपमध्ये राहिली. डायलिसिस आठवड्यातून तीनदा, मंगळवार, गुरुवार, शनिवार, आणि तो चुकवून चालत नाही. दुरुस्तीचा खर्च विम्यातून निघाला. पण त्या बावीस दिवसांत बाबांना पलासियाच्या हॉस्पिटलात न्यायचं-आणायचं कशाने, आणि त्याचे पैसे कुणाकडून मागायचे, हे मला कुणीही धड सांगू शकलं नाही. विमा एजंट म्हणाला, "ते नाही मिळत." वर्कशॉपवाला म्हणाला, "मैडम, कंपनी से बात कर लो." न्यू जर्सीतला भाऊ फोनवर म्हणाला, "म्हणजे काय, समोरच्याची इन्शुरन्स कंपनी देते ना गाडी!" तिघंही अर्धं बरोबर होते. उरलेलं अर्धं मी स्वतः पॉलिसी वाचून, वकिलाकडे बसून आणि थोडं नुकसान सोसून शिकले. ज्या घरात गाडी ही गरज आहे, आजारी माणूस आहे, लहान मूल आहे, लांबची नोकरी आहे, त्या घरासाठी हे लिहिते आहे.

आपल्या पॉलिसीत काय असतं

आपण ज्याला 'फुल इन्शुरन्स' किंवा 'फर्स्ट पार्टी' म्हणतो, त्यात मुळात दोन वेगळे विमे एकत्र बांधलेले असतात. एक आपल्या गाडीच्या नुकसानीचा. दुसरा, आपल्या गाडीमुळे दुसऱ्याचं जे नुकसान होईल त्याचा, म्हणजे थर्ड पार्टी. हा दुसरा कायद्याने सक्तीचा आहे, पहिला ऐच्छिक.

पहिल्या भागातून आपल्याला मिळतो तो गाडी पूर्ववत करण्याचा खर्च: पत्रा, दिवा, रंग, मजुरी, आणि गाडी ओढून नेण्याचे ठरावीक पैसे. पॉलिसीच्या अपवादांच्या यादीत 'कॉन्सिक्वेन्शियल लॉस' असे दोन शब्द असतात. मराठीत सांगायचं तर अपघातामुळे मागाहून ओढवलेलं नुकसान. गाडी नाही म्हणून टॅक्सी करावी लागली, रजा घ्यावी लागली, लग्नाला जायला गाडी भाड्याने आणावी लागली, हे सगळं त्या दोन शब्दांत जातं आणि ते देणार नाही असं कंपनीने आधीच लिहून ठेवलेलं असतं. एजंटचं "नाही मिळत" इथून येतं. झिरो डेप असलं तरी यात फरक पडत नाही. झिरो डेपमुळे सुट्या भागांवरचा घसारा कापला जात नाही, एवढाच त्याचा अर्थ. आमची पॉलिसी झिरो डेपची होती, आणि मला इतकी वर्षं वाटत होतं की त्यात सगळं आलं.

भाड्याच्या गाडीसाठी वेगळं ॲड-ऑन, म्हणजे जादा हप्ता भरून पॉलिसीला जोडायचं कलम, असतं. कुठे त्याला 'डेली अलाउन्स' म्हणतात, कुठे 'दैनिक भत्ता', तर काही कंपन्या पैशांऐवजी प्रवासाची कूपनं किंवा बदली गाडी देतात. हे घेतलेलं असेल तर गाडी वर्कशॉपमध्ये असेपर्यंत रोजची ठरलेली रक्कम मिळते. मात्र ते घेताना चार गोष्टी बघाव्यात. रोजची रक्कम किती, हे पहिलं. दुसरं, सुरुवातीचे किती दिवस वगळले आहेत. बहुतेक ठिकाणी पहिले एक-दोन-तीन दिवस मोजतच नाहीत. तिसरं, जास्तीत जास्त किती दिवस. आणि चौथं, ज्यावर सगळ्यात जास्त भांडणं होतात: दिवस कधीपासून कधीपर्यंत मोजायचे. सहसा गाडी वर्कशॉपच्या ताब्यात दिल्यापासून 'गाडी तयार आहे' असा निरोप येईपर्यंत. अपघाताच्या दिवसापासून नाही, आणि आपण गाडी घरी आणेपर्यंतही नाही. गाडी तीन दिवस अंगणात झाकून ठेवली आणि मग वर्कशॉपला नेली, तर ते तीन दिवस आपले. तयार गाडी आणायला रविवार आडवा आला, तर तो रविवारही आपलाच.

आकड्यांत बघू. समजा रोजचे १,००० रुपये, पहिले ३ दिवस वगळून, जास्तीत जास्त १० दिवस अशी अट आहे. गाडी ८ दिवसांत तयार झाली तर ५,००० मिळतील. १३ दिवस लागले तर १०,०००. आमच्यासारखे २२ लागले तरी १०,०००च. आणि हे सगळं मूळ दुरुस्तीचा क्लेम मंजूर झाला तर. मूळ क्लेम नाकारला, किंवा कंपनीच्या यादीबाहेरच्या गॅरेजात गाडी दिली, तर भत्त्याचा प्रश्न बहुतेक ठिकाणी तिथेच संपतो.

भावाच्या बोलण्याबद्दल थोडं सांगते, कारण बाहेर राहणाऱ्या नातेवाइकांचं ऐकून इथे अनेकांचा गोंधळ होतो. अमेरिकेत समोरच्याची चूक सिद्ध असेल तर त्याच्या विमा कंपनीकडून गाडी वापरता न आल्याची भरपाई मागता येते, आणि ती मागायची रीत तिथे रुळलेली आहे. आपल्या स्वतःच्या पॉलिसीतून भाड्याची गाडी हवी असेल तर तिथेही वेगळा हप्ता भरून ते कलम घ्यावं लागतं, त्यालाही रोजची आणि एकूण अशी मर्यादा असते. फरक इतकाच की तिथे समोरच्याची कंपनी थेट फोनवर बोलते. आपल्याकडे समोरच्याकडून घ्यायचं तर रस्ता बहुधा ट्रिब्युनलमधून, म्हणजे अपघाताचे दावे ऐकणाऱ्या न्यायाधिकरणातून जातो.

चूक समोरच्याची असेल तर

एजंटने सांगितलं नव्हतं ते हे. आपली कंपनी मागाहूनचं नुकसान देत नाही, कारण आपला तिच्याशी तसा करार आहे. पण ज्याच्या चुकीमुळे नुकसान झालं, त्याच्याशी आपला करार कसलाच नाही. त्याने आपलं जे वाजवी नुकसान केलं ते भरून देणं त्याच्यावर आहे, आणि त्याच्या वतीने ते त्याच्या थर्ड पार्टी विम्याने द्यायचं असतं. मोटार वाहन कायदा, १९८८ खाली जी मोटार अपघात दावा ट्रिब्युनलं आहेत, त्यांच्यापुढे फक्त मृत्यू आणि दुखापतीचेच दावे चालतात असा समज आहे. कायद्याच्या कलम १६५मध्ये तिसऱ्या पक्षाच्या मालमत्तेचं नुकसानही स्पष्ट लिहिलेलं आहे. आपली गाडी ही त्या पिकअपच्या दृष्टीने तिसऱ्या पक्षाची मालमत्ता.

मला सुरुवातीला हे करवत नव्हतं. पिकअपवाला पोरगा बावीस-तेवीसचा असेल, थंडीत नुसत्या स्वेटरवर, हात जोडून उभा. "मैडम, यहीं निपटा लो, पाँच हज़ार दिलवा देता हूँ सेठ से." बाबा तर त्याच्याच बाजूचे. वकिलाने मला समजावलं ते इथे जसंच्या तसं सांगावंसं वाटतं: दाव्यात ड्रायव्हर, मालक आणि विमा कंपनी तिघांनाही पक्षकार करतात, पिकअपचा विमा चालू असेल, ड्रायव्हरचं लायसन्स त्या गाडीला चालणारं असेल आणि परमिट-फिटनेस नीट असेल, तर रक्कम विमा कंपनी भरते. पोराच्या खिशातून काही जात नाही. सेठ दरवर्षी हप्ता भरतो तो याचसाठी.

रस्त्यावर निपटवण्यातला खरा धोका त्या पाच हजारांत नसून कागदात असतो. बरेचदा पैसे देताना एका चिठ्ठीवर लिहून घेतात की आता आमची कसलीही तक्रार नाही. तेव्हा आपल्याला फक्त बंपर दिसत असतो. डिक्कीची चौकट वाकली आहे, सुटा भाग इंदूरमध्ये मिळत नाही, गाडी तीन आठवडे उभी राहणार आहे, हे नंतर कळतं. तोपर्यंत आपण सही करून बसलेलो असतो. मी सही केली नाही, पण त्यात माझं शहाणपण काही नव्हतं. बाबांची डायलिसिसची वेळ टळत होती म्हणून मी फोटो काढून निघाले, एवढंच.

फोटो मात्र चांगले आले होते. दोन्ही गाड्यांच्या नंबर प्लेट, दोन्ही गाड्या आहेत त्या जागी, मागे सिग्नलचा खांब, आणि रस्त्यावरचे कांदे. त्या कांद्यांच्या फोटोचा पुढे उपयोग झाला, कारण माल भरून येणारी गाडी मागून धडकली हे त्यावरून आपोआप दिसत होतं. नंबरवरून एम-परिवहन ॲपमध्ये त्या गाडीचा विमा कधीपर्यंत आहे ते बघता येतं. ते त्याच दिवशी बघून स्क्रीनशॉट ठेवावा.

पोलिसांत नोंद हा अवघड भाग आहे. कुणाला लागलेलं नसलं की ठाण्यात "समझौता कर लो" असाच सूर असतो. तरी लेखी अर्ज द्यावा आणि त्याच्या प्रतीवर पोच घ्यावी. बेदरकारपणे गाडी चालवणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम २८१ खाली गुन्हा आहे, पूर्वी हेच भादंविचं कलम २७९ होतं. नोंद नसेल तर दावा चालतच नाही असं नाही, पण चूक कुणाची हे सिद्ध करण्याचा सगळा भार आपल्यावर येतो.

दाव्याची मुदत सगळ्यांनी लक्षात ठेवावी. मोटार वाहन कायद्यात २०१९ साली झालेल्या आणि १ एप्रिल २०२२पासून लागू असलेल्या दुरुस्तीने अपघातापासून सहा महिन्यांच्या आत अर्ज करायची अट आली आहे. गाडी दुरुस्त होऊन घरी आली की आपण हुश्श म्हणतो, आणि सहा महिने कसे जातात कळत नाही. अपघात बाहेरगावी झाला असेल तरी अर्ज आपण राहतो तिथल्या ट्रिब्युनलमध्ये करता येतो. म्हणजे नाशिकला जाताना सेंधव्याजवळ कुणी ठोकलं, तरी इंदूरच्या माणसाला इंदूरमध्येच अर्ज करायची मुभा आहे.

विम्याच्या रकमेलाही मर्यादा असते. थर्ड पार्टी विम्यात दुसऱ्याच्या मालमत्तेच्या नुकसानीला मोटारींच्या पॉलिसीत सहसा साडेसात लाखांपर्यंत आणि दुचाकींच्या पॉलिसीत एक लाखापर्यंत संरक्षण असतं. काही मालक हप्त्यात थोडी सूट मिळते म्हणून ते अवघ्या ६,००० रुपयांवर आणून ठेवतात. तसं असेल तर ६,०००च्या वरचं मालकाकडून वसूल करावं लागतं. आपल्या स्वतःच्या पॉलिसीत ही शंभरेक रुपयांची सूट घेतलेली आहे का, तेही आज बघून घ्या. उद्या चूक आपल्या हातून झाली तर वरचा सगळा बोजा आपल्यावर येईल.

धडकून पळून गेलेली गाडी सापडलीच नाही, तर मात्र भाड्याच्या पैशांची आशा सोडावी लागते. हिट अँड रनसाठी सरकारची योजना आहे, पण ती मृत्यूसाठी २ लाख आणि गंभीर दुखापतीसाठी ५०,००० एवढीच आहे, गाडीच्या नुकसानीला त्यात जागा नाही. चूक आपलीच असेल तर मागायला कुणी उरत नाही, फक्त ते ॲड-ऑन. आणि चूक दोघांची असेल तर आपल्या वाट्याची टक्केवारी भरपाईतून वजा होते.

किती मागता येतं

'वाजवी' हा शब्द इथे फार कामाचा आहे. कोर्ट तीन गोष्टी बघतं: गाडीची खरंच गरज होती का, घेतलेली गाडी आपल्या गाडीच्या तोडीची होती का, आणि जितके दिवस घेतली तितके दिवस दुरुस्तीला लागणं रास्त होतं का. आपली छोटी हॅचबॅक असताना मोठी एसयूव्ही भाड्याने आणली तर भाड्यातला फरक कापला जाईल. घरात दुसरी गाडी उभी असेल तर तोही प्रश्न येईल. पेट्रोलचे पैसे मागू नयेत; आपली गाडी असती तरी ते लागलेच असते. भाडं मात्र अपघात झाला नसता तर लागलं नसतं. टॅक्सीच्या बाबतीत हे वेगळं करता येत नाही, म्हणून टॅक्सीचं बिल पूर्ण लावतात.

गरजेचा पुरावा आमच्याकडे आयता होता: हॉस्पिटलची डायलिसिसची फाइल, त्यावर प्रत्येक वेळेची तारीख आणि वेळ. दुसऱ्या कुणाकडे मुलांच्या शाळेचं अंतर असेल, ऑफिसच्या शिफ्टचं पत्र असेल. टॅक्सी किंवा माल वाहतुकीच्या गाडीवर ज्यांचं पोट आहे, त्यांचा हिशेब निराळा. ते भाडं मागत नाहीत, बुडालेली कमाई मागतात, आणि त्यासाठी मागच्या महिन्यांच्या फेऱ्यांची नोंद किंवा आयकराचं विवरणपत्र दाखवावं लागतं.

एकच नुकसान दोनदा मिळत नाही, हेही आलंच. दुरुस्तीचे पैसे आपल्या कंपनीने दिले असतील तर तेच पुन्हा समोरच्याकडे मागता येणार नाहीत. आपल्या कंपनीने न दिलेलं तेवढं मागायचं. पण गाडी ताब्यात घेताना आपल्याकडून डिस्चार्ज व्हाउचरवर सही घेतात, आणि त्यात 'सर्व दावे पूर्णपणे मिटले' अशा अर्थाचं वाक्य असतं. समोरची बाजू नंतर त्यावर बोट ठेवते. मी सहीच्या वर हाताने लिहिलं: "फक्त दुरुस्तीच्या रकमेपुरते. भाडे व इतर खर्चाचा समोरच्या पक्षावरील हक्क राखून." काउंटरवरचा मुलगा कावराबावरा झाला, त्याने मॅनेजरला विचारलं, आणि मॅनेजर म्हणाले, असू दे. रक्कम मोठी असेल तर तो कागद सहीपूर्वी वकिलाला दाखवणं केव्हाही बरं.

पांढरी प्लेट आणि काळी प्लेट

आता माझी चूक. गाडी दिली त्या दिवशी वर्कशॉपमधल्या एका माणसाने सांगितलं, ओळखीच्या एकाची गाडी आहे, दिवसाला १,५०० देऊन टाका. मी चार दिवसांचे ६,००० रोख दिले. गाडीची प्लेट पांढरी होती, पावती नव्हती, करार नव्हता. बाबांना मागे बसवून मी ती गाडी चार दिवस इंदूरच्या गर्दीत चालवली.

वकिलांनी ऐकलं तेव्हा त्यांनी पैशांचा विषयही काढला नाही. ते म्हणाले, त्या चार दिवसांत काही झालं असतं तर? पांढऱ्या प्लेटवर काळी अक्षरं म्हणजे खासगी वापराची गाडी. तिच्या विम्यात भाड्याने देण्यास मनाई असते. अशी गाडी भाड्याने घेऊन अपघात झाला आणि भाड्याची गोष्ट उघड झाली, तर कंपनी गाडीच्या नुकसानीचा क्लेम नाकारू शकते, आणि कुणाला लागलं असेल तर दिलेली भरपाई मालकाकडून वसूल करायला निघू शकते. मालक मग कुणाला धरणार ते उघड आहे. आपण स्वतः चालवायची भाड्याची गाडी काळ्या प्लेटवर पिवळ्या अक्षरांची असते. पिवळ्या प्लेटवर काळी अक्षरं म्हणजे ड्रायव्हरसकटची टॅक्सी. हे रंग इतकी वर्षं डोळ्यांसमोरून जात होते आणि त्यांचा अर्थ मला ठाऊक नव्हता.

आणखी एक बारीक गोष्ट. आपल्या पॉलिसीत मालक-चालकासाठी १५ लाखांचा वैयक्तिक अपघात विमा असतो, पण तो मालकासाठी आहे. भाड्याच्या गाडीचे मालक आपण नसतो. म्हणून घरात कमावत्या माणसाचा वेगळा वैयक्तिक अपघात विमा असला तर या दिवसांत जीव जरा निर्धास्त राहतो.

काळ्या प्लेटची गाडी घेताना करार वाचावा, विशेषतः गाडीला काही झालं तर आपल्यावर किती रकमेपर्यंत जबाबदारी आहे ते कलम. रोजची किलोमीटरची मर्यादा, फास्टॅगचे पैसे आणि डिपॉझिट परत कधी मिळणार, हे विचारून घ्यावं. गाडीचा चहूबाजूंनी व्हिडिओ काढावा, छतासकट. आणि बिल घ्यावं ते अपघातग्रस्त गाडीच्या मालकाच्या नावाने. आमच्याकडे गाडी बाबांच्या नावावर, दावा त्यांच्या नावाने, आणि माझ्या नावाचं बिल लावलं तर उगीच एक प्रतिज्ञापत्र वाढलं असतं. ते काउंटरवरच लक्षात आलं म्हणून बरं.

बावीस दिवस का लागले

"डिक्की का दरवाज़ा इंदौर में नहीं है, पुणे से आएगा." हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलं की बाबा ते झोपेत म्हणून दाखवायचे. उशीर कुणामुळे झाला यावर पैसे कुणाकडे मागायचे हे ठरतं, म्हणून प्रत्येक टप्प्याची तारीख हाताशी असली पाहिजे. गाडी दिली ती तारीख जॉब कार्डवर, म्हणजे वर्कशॉपच्या नोंदीच्या कागदावर असते. त्याची प्रत मागून घ्यावी, ती देतात. एस्टिमेट कधी झालं, सर्व्हेअर (नुकसान तपासायला विमा कंपनी नेमते तो माणूस) कधी आला, मंजुरी कधी आली, भाग कधी मागवला, कधी पोचला, हे वर्कशॉपला फोनवर न विचारता मेसेजवर विचारावं, म्हणजे उत्तर लेखी राहतं.

विमा नियामकाच्या २०२४च्या परिपत्रकानुसार क्लेम कळवल्यापासून २४ तासांत सर्व्हेअर नेमायचा असतो, नेमणुकीपासून १५ दिवसांत त्याचा अहवाल यायला हवा, आणि अहवालानंतर ७ दिवसांत कंपनीने निर्णय द्यायला हवा. यात कंपनी चुकली, किंवा भत्त्याचं ॲड-ऑन असून पैसे दिले नाहीत, तर आधी कंपनीच्या तक्रार विभागाला लिहावं. तीस दिवसांत दाद लागली नाही तर विमा लोकपाल आहेत. मध्य प्रदेश आणि छत्तीसगडसाठी त्यांचं कार्यालय भोपाळला आहे. फी नाही, वकील चालत नाही, आपणच बोलायचं. मात्र लोकपालांपुढे आपल्याच विमा कंपनीची तक्रार नेता येते. त्या पिकअपच्या कंपनीविरुद्ध तिथे काही होत नाही, ते काम ट्रिब्युनलचं.

वर्कशॉपने कारण नसताना गाडी अडवून ठेवली असेल तर तो सेवेतला कसूर, आणि त्यासाठी जिल्हा ग्राहक आयोग आहे. दोन वर्षांची मुदत असते आणि ५ लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी लागत नाही. आधी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार टाकून बघावी. पुष्कळदा तेवढ्यानेही गाडी हलते.

आमच्या बावीस दिवसांतले तीन दिवस माझे होते. क्लेम फॉर्मवर बाबांची सही हवी होती, आणि डायलिसिसनंतर ते इतके गळून जात की कागद पुढे करायला माझा हात उठत नसे. मी "उद्या घेते" म्हणत तीन दिवस घालवले. त्या वेळी ते किरकोळ वाटलं.

हिशेब कसा लागला

पहिले चार दिवस त्या पांढऱ्या प्लेटच्या गाडीचे. पुढचे नऊ दिवस ॲपवरच्या टॅक्सीने काढले, फक्त अत्यावश्यक तेवढ्या फेऱ्या. पहाटे पावणेसहाला बाबा मफलर गुंडाळून, मांडीवर फाइल घेऊन ओट्यावर बसायचे आणि मी फोनकडे बघत उभी. एका गुरुवारी ओळीने तीन ड्रायव्हरांनी फेरी रद्द केली. हॉस्पिटलात मशीन लागायला पाऊण तास उशीर झाला, आणि मशीन उशिरा लागलं तरी पुढचा पेशंट ठरलेल्या वेळी येतोच, त्यामुळे बाबांचा वेळ कापला गेला. त्या संध्याकाळी त्यांचे पाय सुजले. दुसऱ्या दिवशी मी काळ्या प्लेटची गाडी आणली, रोजचे १,९०० रुपये, नऊ दिवस. रद्द झालेल्या फेऱ्यांचे स्क्रीनशॉट दाव्याला जोडले. भाड्याची गाडी चैन म्हणून घेतली नव्हती, हे त्यावरून दिसलं.

दाव्यात भाड्याचे १७,१०० लावले, टॅक्सीचे २,३८०, आपल्या पॉलिसीत सक्तीने कापलेले १,०००, आणि कंपनीने न दिलेले नट-बोल्ट-ऑइलसारख्या किरकोळ वस्तूंचे १,३५०. एकूण २१,८३०. पांढऱ्या प्लेटच्या गाडीचे ६,००० लावलेच नाहीत. अर्ज एप्रिलमध्ये केला, सहा महिन्यांच्या आत. यंदा सप्टेंबरच्या राष्ट्रीय लोकअदालतीत तो तडजोडीला आला. पिकअपच्या कंपनीचे वकील सभ्य होते. त्यांनी जॉब कार्ड आणि मेसेजच्या प्रती शांतपणे वाचल्या, आणि त्यांचं बोट नेमकं त्या तीन दिवसांवर थांबलं. फॉर्म वेळेवर गेला असता तर गाडी एकोणीस दिवसांत आली असती, असं ते म्हणाले, आणि त्यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. शेवटच्या तीन दिवसांचे ५,७०० गेले. उरलेल्या १६,१३०पैकी १५,५०० वर दोन्ही बाजूंनी सह्या केल्या. लोकअदालतीतल्या निवाड्यावर अपील नसतं, म्हणून सही करण्याआधी आकडा पुन्हा एकदा शांतपणे बघून घेतला.

पिकअपचा तो पोरगाही त्या दिवशी आला होता, सेठसोबत. त्याला एक रुपयाही भरावा लागला नाही हे मी घरी आल्या आल्या बाबांना सांगितलं, कारण त्यांनी पहिलं तेच विचारलं होतं.